नाण्यावरचे सद्गुण

माणसाबद्दल बोलताना आपण मराठी माणसं नाण्याचे शब्द किती सहज वापरतो, पाहा. कुणी खणखणीत नाणं असतं, कुणी खोटं नाणं असतं, कुणी बंदा रुपया असतो. पैशाला आणि माणसाला पारखायची भाषा एकच. मुलं अंगणात छापा-काटा करतात, तशीच दोन हजार वर्षांपूर्वी रोमची मुलंही करायची. ती ओरडायची, 'डोकं की गलबत?' कारण रोमच्या जुन्या तांब्या-कांशाच्या नाण्यावर एका बाजूला दोन तोंडांचा जेनस देव असे आणि दुसऱ्या बाजूला जहाजाचा पुढचा भाग. पुढे नाण्यावरची चित्रं कितीतरी वेळा बदलली, गलबत कधीच गेलं, तरी मुलांच्या तोंडची हाक शतकानुशतकं तीच राहिली.

पण मला आज लिहायचंय ते गलबत गेल्यावर त्या जागी जे आलं त्याबद्दल. रोमच्या बादशहांनी त्या जागी सद्गुण आणून बसवले. शांती, निष्ठा, एकोपा, स्वातंत्र्य, समभाव. हे सगळे गुण त्यांनी बाजारात भाजीपाला घ्यायच्या नाण्यावर छापले आणि घराघरांत पोचवले. तेव्हा प्रश्न असा पडतो की राज्यानं नाण्यावर गुण छापला म्हणून तो खरा होतो का? आणि होत नसेल, तर त्याला सरळ ढोंग म्हणून मोकळं व्हायचं का?

आधी नाण्यांची थोडी ओळख करून घेऊ. रोमची सोन्या-चांदीची नाणी आपल्याला अगदीच परकी नाहीत. मिरी आणि कापडाच्या व्यापारात ती दक्षिण हिंदुस्थानात भरपूर आली. आपला 'दीनार' हा शब्दच रोमच्या चांदीच्या 'दिनारियस'वरून आलेला. आमच्या बेळगावहून जवळ असलेल्या कोल्हापुरात, ब्रह्मपुरीच्या उत्खननात पॉसायडन या समुद्रदेवाची एक छोटी कांस्यमूर्ती मिळाली. ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. पण व्यापारात आलं ते मुख्यतः सोनं आणि चांदी. सुट्टे पैसे घरीच राहिले, रोजच्या बाजारात फिरत.

या सुट्ट्या पैशांत सगळ्यात दिसायला देखणं नाणं म्हणजे सेस्टर्शियस. ते असे पितळेचं. वजन साधारण पंचवीस ग्रॅम, म्हणजे दोन तोळ्यांहून थोडं जास्तच. त्याच्या चौथ्या हिश्श्याचं ॲस, ते तांब्याचं. चार ॲस म्हणजे एक सेस्टर्शियस, आणि चार सेस्टर्शियस म्हणजे एक चांदीचा दिनारियस. पितळ असो की तांबं, पुस्तकांत या सगळ्यांना 'कांस्य नाणी' म्हणायचा प्रघात आहे. नाणं मोठं, त्यामुळे चित्रालाही जागा मोठी. एका बाजूला बादशहाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला एखादं चित्र, आणि बहुतेक वेळा सिनेटच्या ठरावाची खूण म्हणून दोन अक्षरं.

आणि चित्रात कोण? तर बाई! पुन्हा पुन्हा बाई. हातात ऑलिव्हची फांदी असली की ती शांती. हातात तराजू असला की ती समभावाची देवता. फुलाची कळी धरून, पदर सावरावा तसा झगा किंचित उचलून पुढे निघालेली, ती आशा. फळाफुलांनी भरलेलं शिंग घेतलेली, ती समृद्धी. असं का, त्याचं एक कारण साधं व्याकरणाचं आहे. लॅटिन भाषेत हे सगळे शब्द स्त्रीलिंगी आहेत. आपल्याकडे तरी काय वेगळं? शांती, आशा, करुणा, क्षमा, समता, निष्ठा... आपल्या वर्गातल्या हजेरीपटावरची निम्मी नावं झाली की! गुण स्त्रीलिंगी, म्हणून गुणांची मूर्ती स्त्रीची. ऐकायला छान वाटतं. पण मूर्ती झालेल्या बाईचं पुढे काय झालं, तेही पाहायला हवं.

कॅलिग्युला इ.स. ३७ मध्ये गादीवर आला आणि लवकरच त्यानं एक सेस्टर्शियस काढलं. त्यावर त्याच्या तीन सख्ख्या बहिणी ओळीनं उभ्या आहेत, नावांसकट. खांबाला टेकलेली ॲग्रिपिना ही 'सुरक्षितता'. मधली द्रुसिला हा 'एकोपा'. सुकाणू धरलेली ज्युलिया हे 'भाग्य'. जिवंत बायकांना नावानिशी असं नाण्यावर आणणं ही तेव्हा नवलाचीच गोष्ट होती. भावानं बहिणींचा केवढा हा मान केला, असं कुणालाही वाटावं. पुढच्याच वर्षी, ३८ मध्ये द्रुसिला वारली. ३९ मध्ये कटाचा आरोप ठेवून भावानं उरलेल्या दोघींना हद्दपार केलं. ज्युलिया पुढच्या बादशहाच्या काळात परत आली, तोच पुन्हा हद्दपार झाली आणि तिकडेच मारली गेली. ॲग्रिपिना परतली, बादशहाची बायको झाली, मग बादशहा नीरोची आई झाली, आणि ५९ मध्ये त्याच मुलाच्या हुकमानं तिचा खून झाला. पितळेवर जी 'सुरक्षितता' म्हणून उभी होती, तिला भाऊही सुरक्षित ठेवू शकला नाही आणि मुलगाही.

दुसरी गोष्ट फॉस्टिनाची. ही मार्कस ऑरेलियसची राणी. हा बादशहा स्वतः तत्त्वचिंतक, आजही लोक त्याचं पुस्तक उशाशी ठेवतात. फॉस्टिनाला बारा-चौदा मुलं झाली. तिच्या नाण्यांवर कडेवर, अंगाखांद्यावर मुलं घेतलेली स्त्री आहे, आणि शब्द आहे 'सुफलता'. १६१ साली तिला जुळे मुलगे झाले, तेव्हा एका आसनावर दोन तान्ही बाळं बसवलेलं नाणं निघालं. त्यावर लिहिलं, 'युगाचं सौख्य'. त्यातलं एक बाळ चार वर्षांचं व्हायच्या सुमारास गेलं. तिची बहुतेक मुलं लहानपणीच गेली. नाण्यांवर जन्म छापले गेले. एकामागून एक मूल गेल्याचं दुःख कुठल्या नाण्यावर येणार? सुफलता हा राज्याच्या कामाचा गुण होता. शोक आईनं घरात करायचा.

आता तिसरी बाई, जिला नाव नाही. ६५ च्या सुमाराला नीरोनं जेनसच्या देवळाचं चित्र असलेली नाणी काढली. या देवळाची दारं लढाईच्या काळात उघडी ठेवायची आणि सगळीकडे शांतता झाली की बंद करायची, अशी रोमची जुनी रीत. नाण्यावर दारं बंद आहेत. भोवती लिहिलंय की जमिनीवर आणि समुद्रावर शांती प्रस्थापित झाली, म्हणून दारं लावली. ६६ मध्ये यहुद्यांचा उठाव झाला. ७० मध्ये रोमच्या सैन्यानं जेरुसलेम घेतलं, तिथलं मंदिर जाळलं. लगेच ७१ मध्ये व्हेस्पाशियनचं सेस्टर्शियस आलं. त्यावर खजुराचं झाड आहे, झाडाखाली एक बाई बसली आहे, हाताला डोकं टेकवून रडते आहे. काही नाण्यांवर तिच्या मागे विजेता भाला घेऊन उभा आहे, काहींवर हात बांधलेला पुरुष कैदी आहे. ही बाई म्हणजे जिंकलेला यहुदी देश.

म्हणजे गुणही बाईच्या रूपात आणि हरलेला देशही बाईच्याच रूपात! एकीच्या हातात फांदी, दुसरीचा हात कपाळाला. दोघी एकाच टांकसाळीतून निघाल्या आणि एकाच थैलीत एकमेकींवर खणखणत फिरल्या. बाजारात पाव घेताना रोममधल्या एखाद्या बाईनं ती रडणारी बाई शंभरदा हातात घेतली असेल. तिनं निरखून पाहिलं असेल का? आपण तरी रोज कुठे पाहतो? आपल्या नाण्यावर सिंह आहेत आणि खाली सत्य जिंकतं असं वचन आहे. पण भाजीवाल्याकडून सुट्टे घेताना आपण मोजतो फक्त आकडा.

इथवर वाचून कुणी म्हणेल, की मग सरळच आहे, सगळी राजेलोकांची जाहिरातबाजी. पण इतक्या झटपट निकाल द्यायला माझं मन तयार होत नाही. कारण काही नाण्यांमागे खरं काम होतं. ट्राजन बादशहाच्या काळात इटलीतल्या मुलांच्या पोषणासाठी एक योजना चालली. तिची नाणी निघाली. धान्याची कणसं धरलेली स्त्री आणि तिच्या पायाशी लहान मूल. हे नुसतं चित्र नव्हतं. इटलीत व्हेलेया या गावी १७४७ साली कांस्याचा एक मोठा पत्रा सापडला, तो आता पार्माच्या संग्रहालयात आहे. त्यावर त्या गावचा सगळा हिशेब कोरलेला आहे. बादशहानं जमीनदारांना जमिनी तारण ठेवून कर्ज दिलं, शेकडा पाच दरानं व्याज घेतलं, आणि ते व्याज मुलांना वाटलं. औरस मुलाला महिन्याला १६ सेस्टर्शियस. औरस मुलीला १२. अनौरस मुलाला १२, आणि अनौरस मुलीला १०. तिथे कोरलेल्या मोठ्या यादीत औरस मुलगे आहेत २४५, मुली ३४, आणि अनौरस एक मुलगा, एक मुलगी.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ त्यांच्यापुढेच थांबले होते. २४५ आणि ३४. गावात मुली काय इतक्या कमी जन्मल्या असतील? मुलाला चार नाणी जास्त, तर नाव मुलाचंच घालूया, हा हिशेब घराघरांत झाला असणार. राज्यानं चार नाण्यांचा फरक केला आणि घरांनी तो दोनशे अकरा मुलांचा केला. तरीही, त्या चौतीस मुलींच्या ताटात महिन्याच्या महिन्याला काहीतरी पडलं, हेही खोटं नाही. ज्या दयेचं चित्र नाण्यावर होतं, ती दया खरी होती, पण अर्धी होती. आणि ती अर्धी आहे हे नाणं सांगत नाही, पत्रा सांगतो. धातू एकाच जातीचा, पण चित्र वेगळं बोलतं आणि हिशेब वेगळं.

म्हणून मला वाटतं, गुण कुठे पाहायचा तर हिशेबात पाहायचा. या बाबतीत एक हिशेब तर फारच बोलका आहे. ७९ साली ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात एका भिंतीवर कुणीतरी रोजचा खर्च खरडून ठेवला आहे. आपण कॅलेंडरवर दूध लिहितो ना, तसाच. पाव, तेल, कांदे, चीज, वाइन. एका दिवशी घरच्या पावाचे ८ ॲस. त्याच दिवशी तेलाचे ५, कांद्यांचे ५. आणि एक ओळ वेगळी, गुलाम पोऱ्याच्या पावाचे २.

आता हे शेजारी ठेवून पाहा. क्लॉडियस बादशहानं ४१ च्या सुमारास एक तांब्याचं ॲस काढलं होतं. त्यावर 'स्वातंत्र्य' उभी आहे. तिच्या हातात एक टोपी आहे. साधीसुधी टोपी नव्हे. गुलामाला मोकळं करताना त्याच्या डोक्यावर जी लोकरी टोपी घालत, ती. स्वातंत्र्याची खूण म्हणून रोमला तीच सुचली, कारण स्वातंत्र्य म्हणजे काय ते गुलामाशिवाय दुसऱ्या कुणाला नीट कळणार? हे ॲस बाजारात खूप चाललं. त्या घराच्या डब्यातही असं एखादं असेल. ज्या नाण्यावर गुलामाच्या सुटकेची टोपी आहे, तेच नाणं देऊन गुलामाचा पाव आणायचा, त्याला खाऊ घालायचं, आणि सकाळी पुन्हा कामाला जुंपायचं. देणाऱ्याला यात काही विसंगत वाटलं असेल, असं नाही वाटत. तो काही दुष्ट माणूस नसेल. पोऱ्याचा पाव तो विसरला नाही, लिहून ठेवला. फक्त हातातल्या चित्राचा आणि समोरच्या पोऱ्याचा काही संबंध आहे, हे त्याच्या मनात आलं नाही.

हा संबंध जोडला तो एका माणसानं, जो स्वतः गुलाम म्हणून वाढला होता. एपिक्टेटस त्याचं नाव. त्याचा मालक नीरोच्या दरबारातला, आणि तोही पूर्वी गुलामच होता. पुढे एपिक्टेटस मोकळा झाला, ग्रीसमधल्या निकोपोलिस गावी शिकवू लागला. आपल्या शिष्यांना एकदा त्यानं याच चार ॲसच्या नाण्याचा दाखला दिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. नाणं हातात आलं की आपण त्यावरचा छाप पाहतो. ट्राजनचा असला तर घेतो, नीरोचा असला तर टाकून देतो. तसंच माणसाच्या विचारांवर कोणता छाप आहे ते बघा. तो सौम्य आहे का, सोसणारा आहे का, माणसांत मिसळणारा आहे का? असेल तर घ्या. नुसता रागीट, कुरकुऱ्या, हात उगारणारा असेल, तर तोंडावळा माणसाचा असूनही ते नाणं चालायचं नाही.

बादशहा नाण्यावर गुण छापून लोकांना म्हणत होता, माझ्याकडे बघा. हा माणूस म्हणाला, नाण्याकडे पुरे झालं, आता स्वतःकडे बघा. पितळेवरच्या छापाची गोष्ट त्यानं आपल्या अंगावर आणून ठेवली.

त्याच्यापुढे जाऊन मला एवढंच म्हणावंसं वाटतं, की छाप ट्राजनचा असला तरी तेवढ्यानं भागत नाही. ट्राजनच्याच नाण्यामागे सोळा आणि बाराचा हिशेब होता. माणूस सबंध नीरो नसतो, तसा सबंध ट्राजनही नसतो. आपल्या सगळ्यांच्याच एका बाजूला सुंदर शब्द कोरलेले असतात. घरात मुलगी झाली की लक्ष्मी आली म्हणतात. सून आली की गृहलक्ष्मी. कामाला येणाऱ्या बाईला आपण 'घरच्यासारखीच' म्हणतो. हे शब्द मनापासूनच म्हणतो, त्यात खोट नसते. पण लक्ष्मीच्या शिकवणीला किती आणि मुलाच्या शिकवणीला किती? घराच्या कागदावर नाव कुणाचं? घरच्यासारखीचा चहा कुठल्या कपात, आणि ती आजारी पडली की त्या दिवसांचे पैसे कापले की नाही? पॉम्पेईच्या भिंतीवरची आठ आणि दोनची ओळ प्रत्येक घरात कुठे ना कुठे लिहिलेली असते. बहुतेक घरांत ती आपल्याच, म्हणजे बायकांच्याच हस्ताक्षरात असते. घरखर्चाची वही आपल्याकडे असते ना! म्हणून हा प्रश्न राजेलोकांवर सोडून देऊन आपल्याला मोकळं होता येत नाही.

मग हे शब्द टाकून द्यावेत का? रोमनं तोही उपाय करून पाहिला होता. कॅलिग्युला मारला गेल्यावर त्याच्या चेहऱ्याची कांस्य नाणी वितळवून टाकावीत असं सिनेटनं ठरवलं. डिओ कॅसियस नावाच्या इतिहासकारानं नोंदवलंय, की त्या धातूतून तेव्हाच्या बादशहाच्या राणीनं आपल्या आवडत्या नटाचे पुतळे घडवून घेतले. चेहरा पुसला म्हणून धातूला काही शहाणपण आलं नाही. कोरं नाणं काही छापलेल्या नाण्याहून प्रामाणिक नसतं. त्याच्याकडे नुसतं बोट दाखवायला काही नसतं, इतकंच.

उलट मला वाटतं, छापलेला शब्द असावाच. 'शांती' म्हणून छापलीत ना, मग ती खजुराखाली रडणारी कोण, असं आज आपण त्या बादशहांना विचारू शकतो, ते त्यांनी तो शब्द स्वतःच्या नाण्यावर घातला म्हणून. नाण्यावरचा गुण ही एक प्रकारची उधारी आहे. फेडलेली नसली तरी कबूल केलेली असते. आणि नाणं ज्याच्या हातात, त्याच्याकडे ती उधारी येते. छापणाऱ्याकडे बोट दाखवून आपल्याला ती नाकारता येत नाही, कारण खर्च करतो आपण.

ही सेस्टर्शियस नाणी शंभर-शंभर वर्षं बाजारात फिरत. फिरून फिरून इतकी गुळगुळीत होत, की बादशहाचं नाव वाचता येऊ नये, चेहरा नुसता उंचवटा उरावा, मागची बाई कोण होती, शांती की आशा, तेही कळू नये. तरी ती चालत. त्या नाण्यानं कुणाला किती पाव आणला, एवढाच त्याचा गुण तेव्हा शिल्लक राहिलेला असे.